तीन भोकांची घागर

माझ्या वहीत ते पान अजून आहे. वर तारीख, खाली मोजपट्टी आणि मधे पेन्सिलीने काढलेलं एका खापराचं चित्र. घागरीच्या पोटाचा मोठा तुकडा, त्यात अंगठा जाईल एवढी तीन भोकं. चित्राखाली मी लिहिलं आहे, 'मालाची तपासणी?' त्यातलं प्रश्नचिन्ह नंतर खोडलेलं आहे. ते कधी खोडलं ते आठवत नाही. खोडताना मला आनंद झाला होता, एवढं आठवतं.

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मला लिहिण्याची सवय आहे ती खापराची जाडी, रंग, भाजणी असं लिहिण्याची. घरातलं लिहिण्याची नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. महाडच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठी आमचं गाव आहे. भरतीचं पाणी गावापर्यंत येतं. आबा, म्हणजे माझे वडील, भात लावतात आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. मी इतिहास घेऊन बीए केलं, मग मुंबईला पुरातत्त्व शिकायला गेले, आणि तिथेच पुढे संशोधनाला लागले. गावात हे समजावून सांगणं अवघड होतं. शेजारच्या काकी दर सुट्टीत विचारायच्या, "काय गो, झालीस काय मास्तरीन?" मी नाही म्हटलं की त्या बाकीच्यांना सांगायच्या, "मंबयला जाऊन खापऱ्या येचायला शिकतेय. हितं काय कमी हायत?"

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तीस वर्षं हेच केलं होतं. रोमन खापरं. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडून जहाजं यायची, त्यांत दारू आणि तेल भरलेल्या उंच घागरी असायच्या. दोन कान, निमुळतं बूड, जमिनीवर उभी न राहणारी घागर. तिचे तुकडे आपल्या किनाऱ्यावर सापडतात. मॅडम तुकडा हातात घेत, ताज्या तुटीवर भिंग धरत आणि म्हणत, "ही काळी वाळू बघ. ज्वालामुखीची. इटलीतली माती आहे ही." मग तो तुकडा मला देत. मी तो धरताना घाबरायचे. कोणीतरी समुद्रापलीकडे कालवलेली माती माझ्या हातात आहे, हे मला फार मोठं वाटायचं. त्या म्हणत, राजांबद्दल सगळे लिहितात, कोणी काय खाल्लं आणि कोणी कर भरला हे खापरं सांगतात.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी खणून काढलेली खापरं तपासली होती. माल उतरवण्याची एखादी जागा स्वतः शोधावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांना वाटायचं, सावित्रीतून होड्या वर येत असणार. महाडजवळची पाल्याची लेणी ज्यांनी खोदवली त्या लोकांचा माल कुठेतरी उतरत असणार. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष राहिलं होतं. मी त्याच नदीकाठची. म्हणून तो विषय मला मिळाला. त्या विषयात माझी हुशारी नव्हती, माझं गाव होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

गावाखाली नदीच्या वळणात एक सपाट तुकडा आहे. आम्ही त्याला खालची मळई म्हणतो. लहानपणी तिकडे जायची मला बंदी होती. कारण कोणी सांगितलं नव्हतं. नदीत मगरी आहेत, उन्हाला येऊन पडतात, त्यामुळे मी समजून चालले की बंदी मगरींची आहे. आता मी संशोधक होते. काठी घेऊन गेले.

पहिल्याच दिवशी काळ्या वाळूचा तुकडा मिळाला. जाड, फिकट पिवळसर. मी तो धुतला, भिंगाखाली धरला आणि मळईतच खाली बसले. पुढच्या आठवडाभरात असे चार मिळाले. त्यांच्याबरोबर साधी तांबडी खापरं मिळाली, ती पोत्यांनी. आणि त्यांतल्या कित्येकांना भोकं होती. भाजल्यानंतर बाहेरून ठोकून पाडलेली भोकं. कडा बऱ्याच तुकड्यांच्या धारदार होत्या. मी नोंद केली, 'वाहून आलेली नाहीत, इथेच फुटलेली.' ती नोंद बरोबर होती.

घागरीचा आकार आपल्याकडे दोन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. साधं तांबडं खापर नुसतं पाहून कुठल्या काळाचं ते सांगता येत नाही. शेजारी जे पडलंय त्याच्याच काळाचं हेही असेल असं धरून चालायचं नसतं, हे पहिल्या वर्षात शिकवतात. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं.

त्या आठवड्यात मी रोज दुपारी पिशव्या घेऊन वर यायचे, तेव्हा आबा अंगणात पाण्याची बादली भरून उभे असायचे. "अंगावर पानी घे, मंग आत ये," म्हणायचे. कपडेही बाहेरच टाकायला लावायचे. पिशव्या घरात येऊ देत नसत. गोठ्याच्या मागे ठेवायला सांगत. मी म्हणायचे, "आबा, चिखलच आहे तो." ते बादली पुढे सरकवायचे. आई गेल्यापासून आबा तसेही कमी बोलतात. मी नऊ वर्षांची होते तेव्हा ती तापाने गेली.

मॅडमना फोन केला. त्या दोन दिवसांत आल्या. वीर स्टेशनला त्यांना घ्यायला गेले, तेव्हा त्या रिक्षातच म्हणाल्या, "तुकडे आणलेस का बरोबर?" मी रुमालात बांधून आणले होते. रिक्षा हायवेवर हादरत होती आणि त्या भिंग लावून बघत होत्या. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "सोना हाय काय, बाई?" मॅडम म्हणाल्या, "त्याहून जुनं आहे."

घरी जेवताना त्यांनी भोकांचा तो मोठा तुकडा ताटाशेजारी ठेवला होता. तीन भोकं बघून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. "तीन तपासण्या," त्या म्हणाल्या. "प्रत्येक नाक्यावर अधिकारी भोक पाडून आत काय आहे ते बघणार, कर घेणार, मेण लावून बंद करणार. तीन भोकं म्हणजे तीन नाके. आजवर असा पुरावा कोणी दिलेला नाही." मग आबांकडे वळून त्यांनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं.

आबांनी ऐकलं. मग विचारलं, "हा तुमी पुस्तकात लिवनार?"

"हो. तुमच्या मुलीचंही नाव येईल त्यात."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते खूश होतील. ते म्हणाले, "शिकलेल्या मानसाला ठाव," आणि हात धुवायला उठले. अर्धी भाकरी तशीच होती. मॅडमसमोर त्यांनी असं करावं याचा मला राग आला. मनात आलं, यांना काय कळतंय.

या भोकांवरचा मॅडमचा निबंध त्यांच्या निवृत्तीच्या परिसंवादात वाचला जाणार होता. माझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरण त्यावरच उभं होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती. मॅडमचा नियम असा की भांड्याबद्दल काहीही छापण्याआधी ते भांडं कुंभाराला दाखवायचं. "कुंभाराचा हात आपल्या भिंगापेक्षा जास्त जाणतो," असं त्या म्हणायच्या. भोकं कशाने पाडली असतील, एवढंच विचारून यायचं होतं.

पोलादपूरच्या अलीकडे एका वाडीत एक म्हातारे कुंभार आहेत. पूर्वी महाडच्या बाजारात त्यांचीच मडकी असत. आता मुलगा पेणला गणपतीच्या कारखान्यात आहे आणि ते स्वतः उन्हाळ्यापुरते माठ करतात. मी गेले तेव्हा ते अंगणात माती तुडवत होते. मी ओळख सांगितली, कॉलेजचं पत्र दाखवलं. त्यांनी पत्र वाचलं नाही.

"काय इकायला आलीस गो?"

"विकायला नाही, आजोबा. विचारायला. हे भोक कशाने पाडलं असेल?"

त्यांनी चिखलाचे हात पुसले, मी पुढे केलेला तुकडा घेतला. आतून अंगठा फिरवला. "हा माज्या बापाचा हात हाय. आतून बोटं अशी तिरकी वडायचा तो. मी किती येला सांगितला, सरळ वडा. ऐकला नाय."

मी म्हटलं, "हे खूप जुनं आहे, आजोबा. दोन हजार वर्षांचं."

ते हसायला लागले. दात नव्हते, त्यामुळे हसणं लांबलं. "माजा बाप तेवडा जुना नव्हता गो! आनि ह्या भोकाचा काय इचारतेस? दगडान पाडतात. खांद्यावर पान्याचा मडका घ्यायचा, सरनाभवती फिरायचा, एक फेरी झाली का मागचा मानूस दगड मारतो. दुसरी फेरी, दुसरा भोक. तिसरी फेरी, तिसरा. पानी गळत जाता. मंग खांद्यावरनं मागं टाकायचा. कॉलेजात ह्याच शिकवतात काय?"

मी वही मिटली. मग त्यांचं हसणं थांबलं. "कुटनं आनलास ह्या?"

मी गावाचं नाव सांगितलं, खालची मळई सांगितली. त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला. रांजणाकडे जाऊन हात धुतले. तिथूनच म्हणाले, "कुनाची गो तू? तुज्या घरात कोनी सांगितला नाय तुला?"

प्रेतापुढे मडकं फोडतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. सिनेमात पाहिलं होतं. पण आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. आईला नेलं तेव्हा मी अंगणात काकींच्या कुशीत होते. नदीवर काय करतात, कुठे करतात, ते मी कधी पाहिलं नाही आणि कोणी मला सांगितलं नाही. मला माहीत असलेलं स्मशान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. ती माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी बांधली. त्याआधी कुठे जाळत, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या होड्या कुठे लागत ते शोधत होते.

घरी आले. आबा वालाच्या शेंगा सोलत होते. मी विचारलं, "आबा, खालच्या मळईत जाळायचे का?"

"हो," ते म्हणाले. "एका पावसाळ्यात नदीनं वाट तोडली, तवापासनं वर."

"आईला?"

त्यांनी मान हलवली.

"मला सांगितलं का नाही?"

त्यांना प्रश्नच कळला नाही बहुतेक. शेंगा तशाच हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला ठाव नव्हता?"

"मला कुठून ठाऊक असणार?"

"मला वाटला तू आयसाटी जातेस," आबा म्हणाले. "एवडी शिकलीस, तिकडं काय लिवला असंल पुस्तकात. आयचा काय घावतोय का बघतेस. म्हनून गप ऱ्हायलो. मंग त्या बाय आल्या, करबिर बोलाया लागल्या, तवा मला काय कळंना झाला. जेवत व्हत्या. जेवनावर ह्या कसा काढू?"

मी चुलीपाशी जाऊन बसले. गोठ्याच्या मागे पिशव्यांची रांग होती. निम्म्या मी आधीच मुंबईला नेल्या होत्या. त्या हॉस्टेलवर माझ्या खाटेखाली होत्या.

त्यानंतरचे काही दिवस मी मॅडमना काही सांगितलं नाही. ते लिहायला मला लाज वाटते. परिसंवाद जवळ आला होता. मी स्वतःशी म्हणत होते, एका म्हाताऱ्या कुंभाराचं म्हणणं आहे, त्याचा पुरावा काय. आणि चार तुकडे तर खरेच रोमन आहेत. प्रकरण तसंच ठेवलं तर वर्षाअखेरीस प्रबंध देता येईल. माझ्या मागे घरात कोणी नाही जो मला अजून एक वर्ष थांब म्हणेल आणि त्या वर्षाचा खर्च पेलू शकेल.

पण मुंबईला परतल्यावर विभागात खापरं धुवायचं काम सुरू होतं. कोरडं खापर पाण्यात टाकलं की ते बारीक आवाज करतं. आतली हवा निघते, बुडबुडे येतात. आधी मला तो आवाज आवडायचा. आता मी एक तुकडा टाकायचे आणि हात मागे घ्यायचे. दात घासायच्या ब्रशने मी त्यांच्या भेगा घासल्या होत्या. प्रत्येकावर काळ्या शाईने नंबर घातला होता. आईचं मडकं त्यांत असेल तर त्यालाही नंबर असणार. आजीच्या मडक्यालाही. मी गाव आणि जागेची अक्षरं घालून, सरळ ओळीत, सुवाच्य अक्षरात नंबर घालते. मॅडम त्याचं नेहमी कौतुक करायच्या. भर दुपारी, खोलीत चार विद्यार्थी बसलेले असताना, मला वाटायचं की टेबलावरचा तो सगळा ट्रे माझ्याकडे बघतो आहे. भीती म्हणता येणार नाही. कोणीतरी आपल्याला ओळखलंय आणि आपण ओळख दाखवत नाही, तसं काहीतरी.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या निबंधाची चित्रं लावत होत्या. तीन भोकांचा तुकडा टेबलावर होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कुंभार, फेऱ्या, दगड, मळई. शेवटी आईचं सांगितलं.

मॅडमनी आधी विचारलं, "खात्री आहे?"

"हो."

त्यांनी तुकडा उचलला आणि एका भोकात अंगठा घातला. "माझी आई गेली तेव्हा मी स्मशानाच्या फाटकाबाहेर गाडीत बसले होते," त्या म्हणाल्या. "भाऊ आत गेला. परत आला तेव्हा त्याचा एक खांदा भिजलेला होता. कशाने भिजला हे मी विचारलं नाही. मला वाटलं, त्याने डोळे पुसले असतील."

मग त्या थोड्या हसल्या. "आपण दोघींनी मिळून सावित्रीवर तीन नाके बसवले."

मला रडू आलं. त्यांनी ट्रे बाजूला सरकवला. "रडायचं तर तिकडे तोंड कर. शाई फुटेल."

निबंध त्यांनी त्याच दुपारी मागे घेतला. फोनवर समोरच्याला त्या म्हणाल्या, "नाही, आजारी नाही. चुकले." पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुझं प्रकरण जाईल. वर्ष जाईल." मी हो म्हटलं. "चार तुकड्यांवर एक टीप होईल. टीपच आहे ती, पण खरी आहे." परिसंवादात त्या दुसऱ्याच, जुन्या विषयावर बोलल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते, मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

भोकांची खापरं विभागात ठेवायची गरज नव्हती. ती अलीकडची होती. नोंदवहीत मी एकेका नंबरापुढे काळाच्या रकान्यात तसं लिहिलं. पण भोकं नसलेली, झिजलेली, साधी तांबडी खापरं उरली. त्यांतली काही दोन हजार वर्षांची असू शकतात, काही आमच्या वाडीतल्या कोणाची असू शकतात. मला सांगता येत नाही. मॅडमनाही येत नाही. ती अजून कपाटात आहेत, त्यांचा रकाना रिकामा आहे, आणि ते कपाट उघडताना मी अजून दार हळू ओढते.

भोकांची खापरं मी गावी परत नेली. आबांनी पडवीत पिशव्या उतरवून घेतल्या. या वेळी गोठ्यामागे ठेवायला सांगितलं नाही. चार रोमन तुकड्यांची डबी माझ्या हातात होती. ते म्हणाले, "ह्या कुनाच्या?"

मी सांगितलं. समुद्रापलीकडून आलेल्या, तेलाच्या, दारूच्या.

"म्हंजे जळलेल्या मानसांच्या नाय."

"नाही, आबा."

"मंग तुज्या पदवीचा काय?"

"एक वर्ष उशिरा होईल."

त्यांनी एक पिशवी खांद्यावर घेतली आणि उतरायला लागले. मी मागे दोन पिशव्या घेऊन निघाले. काकी ओट्यावरून ओरडल्या, "अरे, बायकांनी जायाचा नसता तिकडं! पोरीला कुटं नेतोस?" आबा थांबले नाहीत. "ती आधीच जाऊन आलीय," एवढंच म्हणाले.

मळईत ओहोटी होती. आम्ही पिशव्या ओतल्या. खापरांवरचे माझे नंबर उन्हात चमकत होते. मी ते पुसायला अॅसिटोनची बाटली आणि कापूस आणला होता, पण इतक्या खापरांना तो पुरणार नव्हता. मी खाली बसले आणि बराच वेळ जो प्रश्न धरून होते तो विचारला. "आईचं कुठलं, आबा?"

"मला नाय ठाव."

"तुमच्याच खांद्यावर होतं ना."

"खांद्यावरनं टाकला का मागं बघायचा नसता," आबा म्हणाले. "सगळे वरडत असतात, बघू नको, बघू नको. मी नाय बघितला. तसाच घरी आलो."

ते धोतर सावरून माझ्या शेजारी खाली बसले. ढिगातलं एक खापर उचललं, भोकातून नदीकडे पाहिलं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. मी त्यांना कसं बघायचं ते सांगितलं नाही. पाणी परत चढायला लागलं तेव्हाही ते बघत होते.